नाना, नानी आणि काकूंचं बेसमेंट

घर बदललं त्याला आता बराच काळ लोटला, पण मधल्या त्या तीन आठवड्यांबद्दल लिहायचं राहूनच गेलं होतं. पुण्याहून वन्संनी एकदा विचारलं होतं, "त्या माशांचं काय केलंत गं शेवटी?" तेव्हा "आणले की बरोबर" एवढंच सांगून मी विषय बदलला होता. वन्सं, आता सविस्तर वाचा.

तर मासे. आमच्या न्यू जर्सीच्या जुन्या घरात हॉलमध्ये 75 गॅलनचा, म्हणजे साधारण 284 लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक होता. लेकाने 2014 साली, बारा वर्षांचा असताना हट्टाने घ्यायला लावलेला. माझं माहेर मालवणचं. मासे म्हणजे बाजारातून आणायचे, कालवण करायचं, चार तुकड्या तळायच्या, एवढंच मला ठाऊक. आबा (माझे वडील) त्या वर्षी आमच्याकडे आले होते. टँकसमोर खुर्ची टाकून बसले, पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "खावचे नाय तर पाळलेत कित्याक?" पण दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा तिथेच घ्यायला लागले. क्लाउनफिशच्या जोडीचं बारसं त्यांनीच केलं. "ह्यो मोठो नाना, आणि ही बारकी नानी."

पुढे लेकाने वाचून काढलं की हे मासे जन्मतात ते सगळे नरच. जोडीतला जो मोठा आणि दादागिरी करणारा असतो तो पुढे मादी होतो. म्हणजे आमचा नाना ही बाई आणि नानी हा बुवा! फोनवर आबांना सांगितलं तर खोकला येईस्तोवर हसले. "आता नाव रवांदे," म्हणाले. तेव्हापासून तसंच राहिलं. आबा 2017 मध्ये गेले.

टँकमध्ये दगडांवर कोरलही होतं. हॅमर कोरल नावाचं एक, ज्याच्या बोटांची टोकं हातोडीसारखी असतात, आणि झोएन्थिड म्हणून बटणाएवढ्या फुलांचा एक गालिचा. आमच्या मालवणच्या समुद्रातही, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास कोरल आहे, पण भारतात 2001 पासून ते वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. तिथे घरात ठेवणं म्हणजे गुन्हा. इथे दुकानात मिळतं. मला या गोष्टीचं नेहमी थोडं अवघडल्यासारखं होतं, पण असो, तो वेगळा विषय.

2022 च्या नोव्हेंबरमध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही घर विकलं. नवं घर तासाभराच्या अंतरावर होतं. जुन्या घराचं क्लोजिंग सकाळी आणि नव्याचं त्याच दुपारी, असं छान गणित जमवलं होतं. दोन आठवडे आधी कळलं की विकणाऱ्यांचा कुठलासा कागद अडकलाय आणि आपलं क्लोजिंग तीन आठवडे पुढे गेलंय. आम्ही हॉटेलात राहू शकत होतो. सामान गोदामात राहू शकत होतं. मासे?

सामान हलवणाऱ्यांनी आधीच सांगितलं होतं की जिवंत काही नेत नाही आणि पाणीही नेत नाही. माशांचं दुकान चालवणारा एकजण म्हणाला, विकत घेतो, पण परत मागू नका. लेक तेव्हा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला, विमानाने जावं लागेल इतक्या दूर, वर परीक्षा डोक्यावर. मी चाचरत म्हटलं, "देऊन टाकूया का रे?" फोनवर थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "तुला जमणार नसेल तर दे, आई."

आता यावर काय बोलणार!

एडिसनला एक काकू राहतात. नात्यातल्या नाहीत, पण इथे आलो तेव्हा पहिल्या दिवाळीला फराळाचा डबा घेऊन आल्या, तेव्हापासूनच्या. काका गेल्यापासून एकट्याच असतात. घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यांच्याकडे बेसमेंट मागायचं म्हणजे मला फारच संकोच वाटत होता. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला. "वास येतो का गं?" मी म्हटलं, समुद्रासारखा येतो. "मग ठीक आहे," म्हणाल्या.

लेकाने चार पानी ईमेल पाठवली. ती वाचताना मला पहिल्यांदा कळलं की इतकी वर्षं मी उलटंच समजत होते. मला वाटायचं, जपायचं ते पाणी. तर नाही. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो, आणि त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी त्रासाचं नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, दगडांच्या अंगाखांद्यावर असतात. पाणी नवं बनवता येतं, दगड मेला की संपलं. विरजणच की हे! दूध कुठलंही आणा, विरजण जपलं पाहिजे. एवढं कळल्यावर मग बाकीची चार पानं सोपी गेली.

काढायचा दिवस मात्र सोपा नव्हता. 284 लिटर खारं पाणी म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन 290 किलोच्या आसपास. निम्मं झाकणाच्या डब्यांत भरून घेतलं, निम्मं गटारात. आधी कोरल काढलं, तेही हातमोजे घालून, कारण झोएन्थिडमध्ये फार जहाल विष असू शकतं आणि बोटाला साधं चिरलेलं असलं तरी महागात पडतं. मग दगड काढून त्या पाण्यातच बुडवून ठेवले. मासे सगळ्यात शेवटी. दगड असेपर्यंत मासा हाती लागत नाही, ही लेकाची अक्कल. तळाची जुनी वाळू फेकून दिली, कारण ती ढवळली की आतली सगळी साचलेली घाण आणि कुजक्या अंड्यासारखा वायू वर येतो. नवरा म्हणाला, आठ वर्षं याच्या शेजारी बसून आपण जेवलो.

शेंड्याला पकडायला पाऊण तास लागला. शेंड्या म्हणजे फायरफिश. पुढून पांढरा, मागे जाता जाता लालभडक होत गेलेला, पाठीवर शेंडीसारखा एक लांब काटा. लेकाने शाळेत असताना शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेवरचं बर्फ उपसून जे पैसे मिळवले, त्यातून घेतलेला तो एकच मासा. बाकीचे सगळे आमच्या पैशांचे.

काकूंच्या बेसमेंटमध्ये कपडे धुवायच्या मशीनशेजारी दोन काळे टब मांडले. शेतीच्या सामानाच्या दुकानात घोड्यांना पाणी पाजायला मिळतात तसले. एकात दगड आणि मासे, दुसऱ्यात कोरल. पाणी फिरतं ठेवायला पंप, 78 फॅरनहाइटवर लावलेले हीटर, आणि काकूंच्या कपडे वाळत घालायच्या दांडीला टांगलेला टँकचा दिवा. वायरी भिंतीतल्या प्लगच्या खाली लोंबतील अशा सोडायच्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी जमिनीवर पडतं, प्लगमध्ये जात नाही. लेकाने व्हिडिओ कॉलवर प्रत्येक वायर दाखवायला लावली. फायरफिश उड्या मारतो म्हणून टबावर बारीक जाळी, आणि जाळीवर चारी बाजूंनी चिमटे.

आता खाणं. मायसिस नावाच्या बारीक कोळंबीचे गोठवलेले तुकडे असतात, ते फ्रीझरमध्येच ठेवावे लागतात. हॉटेलच्या खोलीत फ्रीझर नव्हता. मी काही बोलायच्या आत काकूंनी दोन पिशव्यांत गुंडाळलेला तो डबा माझ्या हातून घेतला आणि खवलेल्या नारळाच्या डब्यामागे ठेवून दिला. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "पोटात घालणं वेगळं, पोटाला घालणं वेगळं."

पहिले तीन दिवस हॅमर कोरल मिटून बसलं होतं. चौथ्या दिवशी अमोनियाची चाचणी केली तर नळीतलं पाणी पिवळं राहायच्या ऐवजी हिरवट झालं. माझ्या पोटात गोळा. दगडांवरचे छोटे स्पंज हलवाहलवीत हवा लागून मेले असणार, असं लेकाचं निदान. त्या संध्याकाळी आम्ही दोघं दुकानातल्या मशीनवरून शुद्ध पाण्याचे पाच-पाच गॅलनचे कॅन भरून आणले, लिटरला साधारण 35 ग्रॅमच्या हिशेबाने मीठ ढवळलं, गरम केलं, निम्मं पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ऑफिस, वकील, हॉटेल आणि एडिसनचं बेसमेंट, अशा त्या दिवसांत मी कितीदा गाडीत बसून उगीचच रडले ते नवऱ्यालाही माहीत नाही. (आता कळेल.) घर नव्हतं ना कुठलंच. जुन्याच्या किल्ल्या देऊन टाकलेल्या, नव्याच्या मिळायच्या होत्या.

सहाव्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. "अगं, तो हातोडा उमललाय."

मग त्यांना नादच लागला. सकाळी अंघोळ झाली की खाली जायच्या. मला यायला उशीर झाला तर मायसिसचा एक तुकडा वेगळ्या वाटीत विरघळवून घालायच्या. त्यासाठी एक चमचाही वेगळा काढला होता. नाना त्यांच्या चमच्याला टोचे मारतो असं कौतुकाने सांगायच्या. खाली त्यांच्या बोलण्याचा आवाज यायचा. मशीन चालू असेल तर मोठ्याने बोलायच्या.

अठराव्या दिवशी संध्याकाळी मी शेंड्याला आणि मंडळींना खायला घालत असताना वकिलाचा फोन आला. क्लोजिंग नक्की, येत्या मंगळवारी. मी तशीच धावत वर गेले काकूंना सांगायला. त्यांनी साखर हातावर ठेवली. चहा झाला. मी हॉटेलवर गेले.

सकाळी साडेसातला काकूंचा फोन. आवाज कापत होता. शेंड्या मशीनमागे जमिनीवर पडला होता, वाळून काडीसारखा झालेला. "जाळी एका बाजूने उघडी होती गं. काल दुपारी मी खायला घातलं, तेव्हा माझ्याकडूनच..."

मला त्याच क्षणी आठवलं. चिमटा माझ्या हातात होता फोन आला तेव्हा. संध्याकाळी जाळी मी उघडली होती आणि लावली नव्हती. आणि मी फोनवर काय म्हटलं? "जाऊ दे काकू, होतं असं."

होतं असं! दिवसभर ऑफिसात ते वाक्य घशात अडकल्यासारखं होतं. सत्तरी ओलांडलेली बाई, आपलं घर उघडून देणारी, ती तिथे एकटी बसून स्वतःला बोल लावतेय, आणि मी मोठ्या मनाने तिला माफ केल्यासारखं बोलले. कोटाच्या खिशात हात घातला तर चिमटा निघाला.

संध्याकाळी गेले. काकूंनी शेंड्याला कागदी रुमालात गुंडाळून एका वाटीत ठेवलं होतं. "याचं काय करायचं असतं?" त्यांनी विचारलं. मी चिमटा टेबलावर ठेवला आणि सांगितलं. काकू काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सकाळीच सांगायचं होतंस. मी जेवले नाही आज."

एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग उठून त्यांनी खिचडी टाकली आणि आम्ही दोघी जेवलो. मागच्या अंगणात गुलाबाच्या आळ्याजवळ नवऱ्याने खड्डा केला. माती थंडीने कडक झाली होती.

लेकाला रात्री फोन केला. यावेळी आधी माझी चूक सांगितली, मग बातमी. तो गप्प राहिला. मला वाटलं आता म्हणेल, देऊन टाकायला हवे होते. म्हणाला, "ते उडतातच, आई. आत्ता लावलीय का जाळी?" लावलीय म्हटलं. "चारी चिमटे?" चारी. "नाना कसा आहे?"

नव्या घरात सगळं उलट्या क्रमाने. नवी वाळू, दगड, पाणी, कोरल आणि शेवटी मासे, पिशव्या तरंगत ठेवून, हळूहळू नवं पाणी मिसळत. नाना-नानी तासाभरात कोपरा बळकावून बसले. डिसेंबरच्या सुट्टीत लेक आला तेव्हा बॅग दारात टाकून आधी टँकपाशी गेला. शेंड्या ज्या दगडाखाली राहायचा तो दगड मी होता त्या जागी ठेवला होता, जमेल तितका. त्याने तो हाताने किंचित डावीकडे सरकवला. काही बोलला नाही, मीही नाही.

2023 च्या गणपतीत काकूंकडे मोदकांना मदत करायला गेले होते. नारळ काढायला फ्रीझर उघडला तर डब्यामागे दोन पिशव्यांत गुंडाळलेला तो मायसिसचा डबा!

"काकू, अहो हे अजून इथेच?"

"असू दे तिथे," त्या उकड मळता मळता म्हणाल्या. "परत घर बदललंत तर?"