गोणपाट

आम्ही कोकणी मुसलमान शाफई. कुत्र्याची लाळ लागली तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यातली एक वेळ मातीच्या पाण्यानं. म्हणून पावसाळ्यात एक पिल्लू आमच्या पडवीत शिरलं, तेव्हा अम्मी हबकली. ते तर वारं प्यायल्यासारखं धावायचं, ओढणी ओढायचं. "राखणीला ठेव, पण नमाजच्या वेळी अंगावर आलं तर सोडून ये," अम्मीनं बजावलं.

मी ओरडले की ते आणखी उड्या मारी. माझा सहावीचा वर्ग आठवला. "चूप!" म्हटलं की गलका वाढतो. बी.एड.ला 'प्रबलन' परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. ते आता कामी आलं.

पडवीच्या कोपऱ्यात गोणपाट अंथरला. हाका मारणं बंद केलं. उडी मारली की पाठ फिरवायची. आपणहून गोणपाटावर बसलं की न बोलता भाकरीचा तुकडा पुढ्यात ठेवायचा. संध्याकाळी दोरी सैल सोडून वास घेत हिंडू द्यायची. नुसत्या धावण्यानं ते अधिकच उधळे. लहान पिल्लाला दिवसाचे अठरा तासही झोप लागते, हे कळल्यावर दुपारी मुलांना त्याच्यापासून लांब ठेवलं.

महिना गेला. मगरिबची अजान झाली. अम्मी वुजू करून आली, तसं पिल्लू गोणपाटावर जाऊन पसरलं. नमाज आटोपून अम्मी उठली आणि लांबूनच भाकरीचा तुकडा टाकत पुटपुटली, "शहाणं आहे."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी ओरडले नाही. गप्प बसलेल्या मुलाकडे पाहून हसले.