हातात येण्याआधी बाजूला



गेल्या आठवड्यात न्यू जर्सीहून लेकीचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर तिने एकदम विचारलं, "आई, पुढच्या वर्षी आमच्याकडे आजारपणावर किती खर्च होईल गं?" मी म्हटलं, "अगं, सणासुदीचे दिवस नुकते संपलेत, असं अभद्र कशाला बोलतेस?" ती हसायला लागली. मग तिने समजावून सांगितलं ते ऐकून माझ्यातली जुनी बी.कॉम. जागी झाली.

तिकडे वर्षाच्या शेवटी बऱ्याच ऑफिसांत एक फॉर्म भरून द्यावा लागतो. पुढच्या वर्षी औषधपाणी, चष्मा, दात यांवर किती खर्च होईल त्याचा अंदाज आपणच सांगायचा. ती रक्कम दर पगारातून थोडी थोडी कापून वेगळ्या खात्यात जाते, आणि मुख्य म्हणजे कर लावायच्या आधी जाते. म्हणजे त्या पैशावर आयकर नाही. २०२६ साठी औषधपाण्याची मर्यादा ३,४०० डॉलर आहे. मुलांच्या पाळणाघरासाठी असंच दुसरं खातं असतं. त्याची मर्यादा एका कुटुंबाला वर्षाला ५,००० डॉलर होती. १९८६ पासून ती जवळजवळ तशीच होती, फक्त २०२१ या एका वर्षापुरती वाढवली होती. २०२६ पासून ती ७,५०० आहे. मूल तेरा वर्षांखालचं हवं, आणि आईबाप दोघेही कामाला जाणारे हवेत.

"मग अंदाज चुकला तर?" मी विचारलं. ती म्हणाली, "तीच तर गोम आहे. औषधाच्या खात्यात उरलं तर थोडंच पुढे नेता येतं, तेही कंपनीने परवानगी दिली तर. बाकीचं गेलं. पहिल्या वर्षी आम्ही डिसेंबरात दोघांनी नवे चष्मे केले, गरज एकालाच होती."

आणखी एक गोष्ट तिने सांगितली ती माझ्या मनात राहिली. पाळणाघराऐवजी नात्यातल्या बाईने मूल सांभाळलं आणि तिला पैसे दिले, तरी ते त्या खात्यातून चालतात. ती बाई त्यांच्यावर अवलंबून म्हणून दाखवलेली नसावी आणि तिने ते उत्पन्न म्हणून जाहीर करावं, एवढीच अट. पाहुणी म्हणून जाणाऱ्या माझ्यासारख्या आजीला व्हिसावर असं पैसे घेऊन काम करता येत नाही, तो वेगळा भाग. पण आजीच्या कामालाही कायद्याच्या कागदावर एक रकाना आहे, हे ऐकून बरं वाटलं.

त्याच रविवारी आमच्या घरी, इथे विठ्ठलवाडीत, वेगळाच हिशोब निघाला.

आमची पॉलिसी नूतनीकरणाला आली होती. चिरंजीव म्हणाले, "आई, मी आता नव्या करपद्धतीत आहे. तुमच्या मेडिक्लेमच्या हप्त्यावर मला काहीच सवलत मिळत नाही. चालू ठेवायची का?" आणि लगेच पुढे, "तसंही तू घरी आहेस, मग चिमणीला पाळणाघरात कशाला ठेवायचं? महिन्याचे नऊ हजार वाचतील."

मुलगा वाईट नाही हो. घराचे हप्ते भरतो, आमचं सगळं बघतो. पण त्या दोन वाक्यांची बेरीज मी मनात केली तेव्हा ती अशी निघाली: सत्तरीचे हे आणि सहासष्टची मी, दोघांनी विम्याशिवाय राहायचं, आणि अडीच वर्षांच्या मुलीमागे दिवसभर पळायचं. आजारपणाची सोय कमी करायची आणि आजारी पडायचं काम वाढवायचं!

मी तेव्हा काही बोलले नाही. रात्री वही काढली.

तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरी अजून बिस्किटाचा तो पत्र्याचा डबा असेल, ज्यात औषधांची बिलं साठवली जायची. आमचे हे अंबरनाथला कारखान्यात नोकरीला होते. तेव्हा पगारदाराला वर्षाला १५,००० रुपयांपर्यंतची औषधाची बिलं कंपनीकडून भरून मिळाली, तर त्यावर कर नसे. मी दर फेब्रुवारीत डबा उघडून बिलं तारखेप्रमाणे लावायची, कागदावर चिकटवायची, बेरीज करायची. २०१८ च्या अर्थसंकल्पात ती सवलत आणि प्रवासभत्त्याची सवलत काढून त्याऐवजी सरसकट ४०,००० रुपयांची वजावट आली. नव्या पद्धतीत ती आज ७५,००० आहे. बिलं चिकटवायचं काम संपलं, सोय झाली. पण त्या डब्यामुळे घरात औषधाला वर्षाला किती लागतात ते मला तोंडपाठ असायचं. डबा गेला आणि तो आकडाही गेला.

मग २०२२ च्या जानेवारीत ह्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. निवृत्तीबरोबर कंपनीचा विमा संपलेला, नवा घेतलेला नाही. बिल ९२,००० झालं. मी घाबरून मुदत ठेव मोडली आणि सगळे पैसे रोख भरले. मुलगा म्हणत होता, मी भरतो. मी म्हटलं, असू दे, तुझे हप्ते चालू आहेत. माया होती, पण हिशोब कच्चा होता. आयकराच्या तेव्हाच्या ८० डी कलमात असं होतं की साठीपुढच्या आईवडिलांचा विमा नसेल, तर त्यांच्या औषधोपचाराचा ५०,००० रुपयांपर्यंतचा खर्च मुलाला आपल्या उत्पन्नातून वजा करता येतो. पण जुन्या करपद्धतीत असला तर, खर्च त्याने केला असेल तर, आणि रोखीने केला नसेल तरच. तेव्हा तो जुन्याच पद्धतीत होता, तीस टक्क्यांच्या टप्प्यात. उपकर धरून १५,६०० रुपये कर वाचला असता. एका चेकची गोष्ट होती. कॉमर्स शिकलेल्या बाईच्या हातून हे झालं, म्हणून लाज सोडून लिहिते आहे.

त्यानंतर आम्ही विमा घेतला. तशीच वजावट हप्त्यालाही आहे: स्वतःच्या कुटुंबासाठी २५,००० आणि साठीपुढच्या आईवडिलांसाठी ५०,००० पर्यंत. आजार नसताना केलेल्या तपासणीचे ५,००० त्याच मर्यादेत धरतात, आणि तेवढे मात्र रोख दिले तरी चालतात. हे सगळं जुन्या पद्धतीत. नवी पद्धत २०२३-२४ पासून आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर तसं सांगावं लागतं. पगारदाराला दरवर्षी निवड बदलता येते. ज्यांच्या घरी दुकान किंवा धंदा आहे त्यांना अशी दरवर्षी ये-जा करता येत नाही, म्हणून त्यांनी आपल्या सीएला विचारूनच पाऊल उचलावं.

तर मुलाचं म्हणणं चूक नव्हतं. नव्या पद्धतीत त्याचा एकूण कर कमीच बसतो, मी दोन्ही बाजूंनी मांडून पाहिलं. पण कर वाचतो म्हणून कोणी विमा काढत नाही ना? कर वाचला तर तो वरचा. सोडलेली पॉलिसी पुन्हा घ्यायला गेलं तर जुन्या आजारांसाठीची थांबायची वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात, आणि वय काही मागे जात नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढून टाकला आहे. गेल्या वर्षी आमच्या ४८,००० च्या हप्त्यावर ८,६४० रुपये जीएसटी होता. तो आता नाही. सोडायला याहून चुकीचं वर्ष सापडलं नसतं.

आता पाळणाघर. आपल्याकडे त्या खर्चाला आयकरात जागाच नाही. शाळेची फी वजावटीत धरतात, तीही जुन्या पद्धतीत. मुलांच्या शिक्षणाचा भत्ता मिळत असेल तर त्यातली करमुक्त रक्कम वर्षानुवर्षं होती दरमहा शंभर रुपये, जास्तीत जास्त दोन मुलांसाठी. शंभर! महिन्याच्या नऊ हजारांपुढे ठेवून बघा. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. सुनेच्या ऑफिसात माणसं तेवढी नाहीत. आणि असती तरी सकाळच्या लोकलमध्ये विठ्ठलवाडीहून ठाण्यापर्यंत लेकरू कडेवर घेऊन चढून दाखवा. बदलापूर-अंबरनाथहून गाडी भरूनच येते.

सुनेचा पगार हातात ४५,००० येतो. वर्षाचे ५,४०,०००. पाळणाघराचे १,०८,००० गेले तरी ४,३२,००० राहतात, प्रॉव्हिडंट फंड वेगळा. एवढ्या उत्पन्नावर तिला आता आयकर बसतच नाही. म्हणजे अमेरिकेसारखं खातं इथे असतं तरी तिला त्याचा उपयोग शून्य. प्रश्न कराचा नव्हताच. ती उद्या म्हणाली असती, "जाऊ दे, मीच सोडते नोकरी," तर काय करायचं, हा होता. १९८७ मध्ये मी तेच केलं होतं. कल्याणला एका पेढीत हिशोब लिहायची. मुलगा झाला, सासूबाई गावी, पाळणाघर ठाऊक नाही. मला सोड असं कोणी म्हणालं नाही, आणि सोडू नको असंही कोणी म्हणालं नाही.

सोमवारी संध्याकाळी दोघांना समोर बसवून वही दाखवली. मुलगा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आई, हे असं मांडलं नव्हतं मी." सूनबाई काही बोलली नाही, उठून चहा टाकायला गेली. नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाली, "आई, मी राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलं होतं."

असं ठरलं: पॉलिसी राहणार. पाच वाजेपर्यंत पाळणाघर, पाचनंतर सून येईपर्यंत चिमणी माझी. तेवढं माझ्या गुडघ्यांना झेपतं, आणि मला हवंही आहे.

आणि लेकीच्या फॉर्मवरून एक गोष्ट मी उचलली. पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी, किराण्याच्याही आधी, दोन रकमा बँकेत वेगळ्या जातील. एक औषधपाण्याची, तिच्यातून हप्ताही भरला जाईल. एक पाळणाघराची. आकडा आधी ठरवायचा आणि त्यात राहायचं. आपल्याला यात नवीन काय आहे? परिग्रह परिमाण हेच सांगतं, गरज किती ते आधी ठरव. फरक एवढाच की तिकडे उरलेलं बुडू नये म्हणून नको असलेले चष्मे होतात. आमच्या घरी ३१ मार्चला औषधाच्या खात्यात उरेल त्यातलं अर्धं पुढच्या वर्षाला जाईल आणि अर्धं औषधदानाला. चार दानांत औषधदान आहे, पण महिन्याच्या शेवटी उरलेल्यातून ते कधी जमत नाही, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव.

तुम्हीही मार्च यायच्या आत एवढं करा. घरातल्या कमावत्या माणसाला विचारा, कोणत्या करपद्धतीत आहेस. पॉलिसीची तारीख स्वतःच्या वहीत लिहा. दवाखान्याचे पैसे ज्याच्या नावावर वजावट मिळणार आहे त्याच्याच खात्यातून, चेकने किंवा ऑनलाइन जाऊ द्या. आणि "तू घरी आहेसच ना" असं कोणी म्हणालं, तर रागावू नका. वही काढा.

लेकीने शेवटी किती आकडा भरला ते विचारायचं राहिलंच. आज रात्री फोन करते.