शनिवारचा मास्तर

ऑगस्टपासून दर शनिवारी सकाळी मी माझ्याच जुन्या कॉलेजात सेकंड इयरला डेटा स्ट्रक्चर्स शिकवायला जातोय. मानधन म्हणाल तर पेट्रोल सुटतं, इतकंच. घरचे म्हणतात, आठवड्यात एक दिवस झोपायला मिळतो, तोही घालव.

पहिले दोन शनिवार मस्त गेले. तिसऱ्या शनिवारी पटावर ७२ नावं आणि समोर १९ डोकी, त्यातली निम्मी ७५ टक्के हजेरीच्या धाकाने आलेली. लिंक्ड लिस्ट उलटी करायचा प्रोग्राम लिहून आणायला सांगितला होता. जे आले त्यातल्या बहुतेकांत व्हेरिएबल्सची नावं तीच, कॉमेंट्ससुद्धा त्याच, आणि इंग्रजी इतकं चोख की चॅटजीपीटीला वेगळी सही करायची गरज नव्हती. (आमच्या वेळी दुसऱ्याची फाईल निदान हाताने उतरवावी लागायची. बोटं तरी दुखायची!)

वैतागून सरांच्या केबिनमध्ये गेलो. मला बोलावलं त्यांनीच. वीसेक वर्षं हाच विषय शिकवतायत.

"सर, पोरांना काही पडलेलंच नाही हो. तुम्हाला कंटाळा नाही येत?"

"येतो की. दर सेमिस्टरला येतो." चहा आला. "पण तुला त्यांच्याकडून नक्की काय हवंय, हे पहिल्या दिवशी सांगितलंस का?"

"म्हणजे... अभ्यास करा, डाउट विचारा, वगैरे."

"मग काहीच नाही सांगितलंस."

मी लगेच वाचलेलं ज्ञान पाजळलं. १९६८ साली रोझेन्थाल आणि जेकबसन यांचं पुस्तक आलं होतं. चिठ्ठ्या टाकल्यासारखी कुठलीही मुलं निवडून 'ही चमकणार' असं शिक्षकांना सांगितलं, तर त्यातली काही, विशेषतः लहान वर्गातली, खरंच पुढे गेली. त्यावर पुढे बरेच वादही झाले. सर म्हणाले, "असेल बाबा. पण तुझी ओरल आठवते?"

आठवते ना! फाईल उतरवलेली आहे हे त्यांना दिसत होतं. ओरडले नाहीत. म्हणाले, "सोमवारी ४ वाजता ये. कोड नको. चार डबे आणि तीन पॉइंटर कागदावर फिरवून दाखव." सोमवारी मी उशिरा पोचलो, तर सर खुर्चीत बसून वाट बघत होते. ते मला जास्त लागलं.

पुढच्या शनिवारी वर्गात सांगून टाकलं: प्रोग्राम कुठूनही आणा, पण दर वेळी चिठ्ठ्या टाकून तिघांना फळ्यावर बोलावणार. बाकीच्यांनी तेच कागदावर काढायचं. आणि माझ्याकडून? कागद पुढच्या शनिवारी तपासून परत.

गंमत म्हणजे डबे-बाण काढताना पोरं भांडायला लागली. चक्क भांडायला!

आणि मग आमच्या ऑफिसात रिलीज आलं. आठवडा कुठे गेला कळलं नाही. काल वर्गात शिरलो तर मागच्या बाकावरून एक मुलगी उभी. "सर, आमचे कागद?"

काय सांगणार, कप्पाळ? "बुधवारी आणून देतो" म्हटलं. ती "बरं" म्हणाली, पण ज्या सुरात म्हणाली तो मला ओळखीचा होता. मीही मास्तरांना तसंच "बरं" म्हणायचो.

तर आज रविवार, आणि मी ४३ कागद घेऊन बसलोय. बुधवारी हाफ डे टाकलाय. आत्ता हातात आहे त्या कागदावर पठ्ठ्याने पुढच्या डब्याचा पत्ता जपून न ठेवताच बाण उलटा फिरवलाय. उरलेले दोन डबे हवेत तरंगतायत आणि शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय, "सर, हे दोघे हरवले. कुठे चुकलं?"