दानपत्राला बांधलेला क्लब

प्रिय सुधाकर,


न्यूयॉर्क यॉट क्लबच्या परंपरेला तू श्रीमंतांचे चोचले म्हणतोस. 1844 साली जॉन कॉक्स स्टीव्हन्सच्या ‘गिमक्रॅक’ बोटीवर जमून क्लब काढणारे पैसेवाले होते, यात वाद नाही. पण या क्लबचे खरे मोठेपण मला एका कागदात दिसते. 1851 मध्ये क्लबच्या सभासदांच्या ‘अमेरिका’ या शिडाच्या बोटीने आइल ऑफ वाइटभोवतीची शर्यत मारली आणि चांदीचा चषक मिळवला. उंच सुरईसारखा हा चषक आहे, पण त्याला तळच नाही. 1857 मध्ये मालकांनी तो दानपत्र करून क्लबच्या हवाली केला. परदेशातल्या कोणत्याही रीतसर यॉट क्लबने आव्हान द्यावे आणि जिंकल्यास न्यावा, अशी ही फिरती ढाल ठरली. क्लब तिचा मालक झाला नाही, नुसता राखणदार झाला.

राखणदारानेच लबाडी केली, असे तू म्हणशील, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. 1870 साली आव्हान घेऊन आलेल्या जेम्स अ‍ॅशबरीच्या एकट्या ‘कँब्रिया’समोर क्लबने आपल्या बोटींचा अख्खा ताफा उतरवला. अ‍ॅशबरीने दानपत्रावरच बोट ठेवले. सामना म्हणजे एकास एक, असा निर्वाळा दात्यांपैकी जॉर्ज स्कायलर यांनीच दिला, आणि क्लबला माघार घ्यावी लागली. पुढे अटी बदलायच्या झाल्या तेव्हा चषक स्कायलरना परत करून त्यांच्याकडून नवे दानपत्र घ्यावे लागले. 1882 च्या दानपत्रात आव्हानवीराने स्वतःच्या शिडांवर समुद्र ओलांडून यावे, अशी अट आली. त्यामुळे त्याची बोट भक्कम, म्हणून जड. घरच्यांची मात्र हलकी! हा अन्याय उघडच होता. पण तो लेखी होता, म्हणून त्याच्याशी भांडता येत होते. 1956 मध्ये ही अट काढायला क्लबला न्यायालयात जावे लागले. तोंडी चालणाऱ्या रूढीत हे कधी घडले असते का?

1983 च्या उन्हाळ्यात आव्हान घेऊन आलेल्या ‘ऑस्ट्रेलिया 2’ बोटीच्या पंखवाल्या कीलवर, म्हणजे तळाखालच्या जड पात्यावर, क्लबने हरकतींचा सपाटा लावला होता. तरी बोट पाण्यात उतरली. 3-1 अशी मागे पडूनही ती 4-3 ने जिंकली. न्यूयॉर्कच्या 44 व्या रस्त्यावरच्या वास्तूत लांब बोल्टने जखडलेला चषक 132 वर्षांनी रॉयल पर्थ यॉट क्लबकडे गेला. त्या दानपत्राचा मजकूर सहज मिळतो. वाच आणि तुझे मत सविस्तर कळव.

तुझा,
माधव