नंबराची वही

रात्री साडेनऊला शटर ओढायच्या आधी कंपाउंडर तिला बाहेर आणून ठेवतो. लोखंडी स्टुलावर ती आडवी पडते. वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून वर अर्धी वीट. दोनशे पानी लांब वही, पुठ्ठ्याचं कव्हर, पाठीला लाल कापडी पट्टी. पानांचे कोपरे हातांच्या घामानं मऊ होऊन वर वळलेले. पेन सुतळीनं स्टुलाच्या पायाला बांधलेला आहे आणि त्यावर कुठल्याशा गोळीचं नाव छापलेलं आहे. सुतळी आखूड आहे, त्यामुळे लिहिणाऱ्या प्रत्येकाला तिच्यापुढे वाकावं लागतं.

उद्याचं पान आज संध्याकाळीच आखून तयार असतं. वर तारीख आणि वार, खाली तीन रकाने : नंबर, नाव, गाव. डावीकडे १ ते ६० आकडे. साठाच्या खाली लाल शाईची दुहेरी रेघ. त्या रेघेखाली नाव लिहिलं तर त्याला कुणी हाक मारत नाही.

नागभीड ते वडसा या रेल्वेपट्ट्यातलं आमचं गाव. वैनगंगेच्या अलीकडे चंद्रपूर जिल्ह्याचा हा उत्तरेकडचा कोपरा, नदीपलीकडे गडचिरोली. कुरखेडा, कोरची, आरमोरीकडची माणसं खाजगी डॉक्टरसाठी नदी ओलांडून इकडे येतात. त्यांच्या तोंडी ‘दवाखान्यात गेलो’ हे कमी येतं, ‘नंबर लावाले गेलो’ हे जास्त. कुणी आजारी पडलं की शेजारी आधी विचारतो, “नंबर लावला का?” ताप किती आहे हे त्यानंतर.

या वहीला मी सात वर्षांपासून ओळखतो. आईला चालताना दम लागायला लागला तेव्हापासून. आई गावी राहते, कुरखेड्याच्या पुढे. शेत, बैल आणि दारची मोहाची दोन झाडं सोडून ती इकडे राहायला यायला तयार नाही. दर दोन महिन्यांनी मी रात्री जेवण झाल्यावर दवाखान्यापर्यंत चालत जातो, वीट उचलतो, वाकतो आणि तिचं नाव लिहितो.

वहीचा स्वभाव सांगायचा तर आधी चांगलं सांगितलं पाहिजे. ती यायच्या पूर्वी या पायरीवर चपलांची रांग लागायची. चपला, दगड, पाण्याच्या बाटल्या, टोपली, एखादी छत्री. प्रत्येक वस्तू म्हणजे एक आजारी माणूस. सकाळी कुणीतरी दगड सरकवलेला असायचा आणि मग भांडण. तापानं फणफणलेल्या माणसांना मी त्या पायरीवर एकमेकांची गचांडी धरताना पाहिलंय. वही आली आणि ते थांबलं. ती सावकाराचं आणि सालदाराचं नाव एकाखाली एक घेते. पुढाऱ्याच्या पोरानं वरच्या जागेत नाव घुसवायचा प्रयत्न केला तर दोन ओळींमधली ती कोंबलेली अक्षरं ती सगळ्यांना दाखवते. लिहिता न येणाऱ्याला तिच्याजवळ कुणी ना कुणी भेटतंच. “बाबू, माह्यं नाव लिहून दे गा,” म्हणत एखादी बुढी उभी राहते आणि शाळेतलं पोर गोल अक्षरात तिचं नाव, तिचं गाव लिहून देतं.

पण तिला एकच गोष्ट कळते : आधी कोण आलं. आणि आमच्या जंगलमुलखात आधी कोण येणार हे आजारावर ठरत नाही. ते एसटी ठरवते, रस्ता ठरवतो, वाघ ठरवतो.

रात्री साडेनऊला ती बाहेर येते आणि दहापर्यंत पहिली पंधरा-वीस नावं पडलेली असतात. ती आमची, या गावात राहणाऱ्यांची. पहाटे पाचला दूधवाले येतात, फिरायला जाणारे येतात, आणखी दहा नावं. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की रात्रभर नाटक पाहून परतणारी माणसंही घरी जाता जाता म्हाताऱ्यांचा नंबर लावून जातात. खेड्यात मुक्कामी असलेली एसटी मात्र उजाडल्यावर निघते. थांब्याथांब्याला माणसं घेत ती आमच्या स्टँडवर येते तेव्हा साडेआठ वाजलेले असतात. तिच्यातून उतरलेली माणसं जवळपास पळतच दवाखान्याशी येतात आणि पानावर त्यांना त्रेचाळीस नंबर मिळतो.

मोटरसायकल असली तरी पहाटे निघायचं कसं? आमच्या या भागात जंगलाच्या रस्त्यानं अंधारात एकट्यानं जाऊ नका, हे वनखातं सांगतं आणि घरची माणसंही सांगतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. असं घडलेल्या मुलखात दवाखान्याच्या वहीत नाव लिहायला पहाटे चारला निघ, असं आपण कुणाला सांगायचं? मोहाच्या दिवसांत तर लोक आजारच पुढे ढकलतात. फुलं पहाटे पडतात, ती वेचल्याशिवाय घर सुटत नाही. मार्च-एप्रिलची पानं चाळली की दूरच्या गावांची नावं विरळ झालेली दिसतात, आणि जूनमध्ये तीच नावं दाटीनं परत येतात. तोवर खोकला छातीत उतरलेला असतो.

फोनवर नंबर मिळतो, पण सगळ्यांना नाही. सकाळी आठ ते साडेआठ फोन घेतात, दहा नंबर त्यासाठी राखून ठेवलेत. आठ वाजून एक मिनिटानं लावलेला फोन व्यस्त असतो आणि साडेआठपर्यंत व्यस्तच राहतो. आईच्या गावात तर रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीच्या शिडीवर, तिसऱ्या पायरीपासून पुढे. दम लागणारं माणूस त्या शिडीवर चढत नाही. सरकारी दवाखान्यांत ऑक्टोबर २०२२ पासून भिंतीवर चौकोनी कोड आलाय. मोबाइलनं तो स्कॅन केला की ‘आभा’ या आरोग्य खात्यातली माहिती खिडकीपर्यंत जाते आणि टोकन मिळतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही माफ झाले. दोन्ही गोष्टी चांगल्या झाल्या, मनापासून सांगतो. पण त्या दोन्ही खिडकीशी पोचलेल्या माणसासाठी आहेत. खिडकीपर्यंतचा रस्ता होता तेवढाच लांब राहिलाय.

यात डॉक्टरांचा दोष मी काढत नाही. एक माणूस दिवसाला साठ जणांना तपासतो, दुपारचं जेवण चारला जेवतो. आमच्याकडे डॉक्टर कमी आणि गावं लांब, हे मूळ दुखणं. वही त्याच दुखण्यातून जन्मली.

मला राग आला तो मागच्या पावसाळ्यात, एका सोमवारी. आईचा नंबर नववा होता. आम्ही अकरालाच मोकळे झालो, पण रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबलो. बाकावर शेजारी कोरचीकडची एक बाई बसली होती. मांडीवर सहा-सात वर्षांची पोरगी, अंगावर टॉवेल गुंडाळलेला, ओठ सुकलेले. तिचा नंबर एकावन्न. दर थोड्या वेळानं ती उठायची, वहीत डोकावायची आणि कंपाउंडरला विचारायची, “किती नंबर चालू हाये, भाऊ?” तो तुसडा नव्हता. दर वेळी खरं सांगायचा. बावीस. सव्वीस. मग मधेच एक अत्यवस्थ पेशंट आला आणि तासभर आकडा हललाच नाही. अडीचला एकतीस. ती बाई दाराबाहेर जाऊन आभाळाकडे पाहून आली. पाऊस वाढला तर पुढच्या नाल्यावरून गाडी जात नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चार वाजता आकडा बेचाळीस होता. तिनं पोरीला खांद्यावर टाकलं, पिशवी उचलली, आईला म्हणाली, “जातो मावशी. शेवटची गाडी हाये.” आणि गेली.

आई मला म्हणाली, “तुहा नंबर देला असता तं?”

मला ते सुचलं नव्हतं. सकाळी अकराच्या आधी ती बाई समोर बसलेली मी पाहिली होती. नववा नंबर माझ्या हातात होता, तो मी आदल्या रात्री चालत जाऊन, जेवण झाल्यावर, विडा चघळत लावलेला. तिनं एकावन्नाव्या नंबरासाठी दोन गाड्या बदलल्या होत्या.

संध्याकाळी मी वही उघडून ते पान पाहिलं. तपासून झालेल्या नावापुढे कंपाउंडर बरोबरची खूण करतो, न आलेल्यावर आडवी रेघ मारतो. एकावन्नाव्या ओळीपुढे काहीच नव्हतं. नाव होतं, गाव होतं. पोरीचा ताप त्या पानावर कुठेच नव्हता.

याच जिल्ह्यांत दुसऱ्या रीतीनं विचार केलेली माणसं आहेत, म्हणून हे जास्त लागतं. १९७३ च्या डिसेंबरात हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि प्रकाश आमटे, मंदाकिनी आमटे यांचा दवाखाना झाडाखाली चालला. तिथे माणसं जंगलातून चालत यायची, आजाऱ्याला बाजेवर घालून आणायची. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली, तेव्हा आदिवासींना आधी विचारलं की तुम्हाला मोठ्या दवाखान्याची भीती का वाटते. लोकांनी सांगितलं : मोठ्या इमारती, न कळणारी भाषा, रात्री नातेवाइकाला बाहेर काढणं, आणि ते पांढरे कपडे, जे आपण मेलेल्या माणसावर घालतो. मग ‘सर्च’च्या शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांचा झाला आणि त्याला लोकांनी आपल्या दंतेश्वरी देवीचं नाव दिलं.

बंगांचंच नवजात बाळांचं काम मला या वहीसमोर उभं राहिलं की हटकून आठवतं. पहिल्या महिन्यात गावोगाव बाळं दगावत होती आणि त्या बाळाला घेऊन कुणी दवाखान्यात जात नव्हतं. बाळंतीण घराबाहेर पडत नाही, आणि बाळाला काही नंबर लावता येत नाही. तेव्हा ३९ गावांत गावातल्याच बायका आरोग्यदूत म्हणून तयार केल्या. त्या घरी जायच्या, बाळाचा श्वास मोजायच्या, वजन करायच्या, गरज पडली तर इंजेक्शनही द्यायच्या. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे देशभर आशाताई घरोघर जाऊन बाळ तपासायला लागल्या, त्याची वाट इथल्या धुळीतून गेली आहे. कोण लांब आहे, कोण येऊ शकणार नाही, हा प्रश्न इथे कित्येक वर्षांपूर्वी विचारून झालाय.

आणि खरं तर वहीलाही तो विचारता येतो. तिसरा रकाना तिच्याकडे आहेच. गाव. सात वर्षं तो भरला जातोय आणि कुणी वाचत नाही. गावाचं नाव वाचलं की इकडच्या कुठल्याही माणसाला त्या गावची शेवटची गाडी माहीत असते. कंपाउंडरला तर पाठच आहे, तो स्वतः आरमोरीकडून येऊन-जाऊन करतो.

मी त्याला हे बोललो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, मीच ठरवलं तं लोक मले धरतील. कोणाले आधी सोडलं, पैसे खाल्ले म्हणतील.” तेही खरं. वहीच्या शिस्तीमागे तो सुरक्षित आहे. ती शिस्त मोडली की चपलांची रांग परत येईल, ही त्याची भीती मला समजते.

तरी त्यानंतर पानांवर एक नवी गोष्ट दिसायला लागली. बाण. बाराव्या ओळीपासून एक बाण निघून अठ्ठेचाळिसाव्या ओळीला टेकलेला. दोन माणसांनी आपसांत नंबर बदलला की तो बाण काढतो आणि दोघांसमोर काढतो. कधी एका पानावर एक, कधी तीन, कित्येक पानांवर एकही नाही. माझ्या आईच्या नावावरून असे दोन निघालेत. पहिला काढायला तिनंच लावला. ती सकाळपासून बाकावर बसून सगळ्यांना विचारत होती, कोणती गाडी, किती वाजता, लेकरू कोणाचं. आम्ही दुपारी साडेतीनला आत गेलो आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. “मले कोठं गाडी पकडायची हाये,” म्हणाली. रात्री ती माझ्याकडेच राहणार होती.

ती कोरचीकडची बाई मला परत दिसली नाही. तिच्या गावाचं नाव पानावर येतं का हे मी दर वेळी पाहतो. दोनदा आलं, नाव वेगळं होतं.

गेल्या आठवड्यात रात्री नंबर लावायला गेलो तर वीट नेहमीची, सुतळी नवी आणि वहीसुद्धा नवी. पहिल्या पानावर हळदकुंकवाचं बोट आणि ‘श्री’. त्याखाली तेच तीन रकाने. पण गावाचा रकाना या वेळी रुंद आखलाय, नावाच्या रकान्याइतका. विजेच्या खांबाच्या उजेडात मी वाकून पाहिलं. एकोणिसाव्या ओळीत कुणाचं तरी नाव संध्याकाळीच लिहून ठेवलेलं होतं, कंपाउंडरच्या अक्षरात. गावापुढे त्याच पेनानं लिहिलं होतं : गाडी ४.