एक दिवस, दोन मथळे

मच्छे गावी देवळाच्या कट्ट्यावर १ नोव्हेंबरची सकाळ दोन रूपांनी उजाडते. मराठी पत्रात तो काळा दिन, कन्नड पत्रात राज्योत्सव. १९५६ साली याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, ही घटना एकच. परंतु मथळ्यावर नजर पडताच वाचकाचे मत ठरून जाते.

१९६७ च्या महाजन अहवालाने २६४ गावे महाराष्ट्रास देऊ केली, २४७ म्हैसूरच्या वाट्यास घातली आणि बेळगाव म्हैसुरातच ठेवले. आमच्या घरी मात्र केवळ बेळगावचीच गोष्ट सांगितली गेली. ते दुःख खोटे नव्हे. पण उरलेले आकडे आम्ही कधी विचारलेच नाहीत.

एका वर्षी आम्ही शेजारच्या कन्नड गृहस्थांना म्हटले, “अण्णा, तुमचे पत्र जरा वाचून दाखवा.” आमच्या मूक फेरीचा त्यात दोन ओळींत उल्लेख होता. आमच्या पत्रात त्यांच्या मिरवणुकीला तेवढीही जागा नव्हती.

सत्ता कोणाचीही असो, काय छापावे याइतकेच काय गाळावे यातही तिचे बळ असते. तेव्हापासून आम्ही दोन्ही पत्रे ऐकतो. बेळगाववरील आमचा हक्क त्यामुळे उणावला नाही. शेजारी मात्र कळू लागला.