सावळ्या चेहऱ्याला जास्त नव्हे, मोठा उजेड हवा



न्हावरे आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर आम्ही सध्या ज्येष्ठ उपासक-उपासिकांचे फोटो काढतो आहोत. समाजमंदिरात एक खुर्ची, स्टँडवर एक फ्लॅश आणि एक सहा फुटी पांढरी छत्री, एवढाच आमचा स्टुडिओ. "अत्याचाराच्या केसेस पडून आहेत, पोरांच्या शिष्यवृत्त्या रखडल्यात आणि तुम्ही फोटो काढत बसलात?" असा सवाल आमच्याच काही साथींनी केला. सवाल रास्त आहे. म्हणून उत्तर नीट द्यायला हवे.

आपल्या माणसाचा चेहरा वर्तमानपत्रात कधी येतो? अत्याचार झाला की टाहो फोडणारी आई येते. मोर्चा निघाला की गर्दी येते. १ जानेवारीला विजयस्तंभावर जमलेला जनसागर ड्रोनने टिपला जातो, पण त्यात चेहरा एकही ओळखू येत नाही. घरी पाहावे तर आजी गेल्यावर तिच्या फोटोची शोधाशोध सुरू होते. मग कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुपफोटोतून किंवा आधार कार्डावरून तिचा चेहरा कापून मोठा केला जातो. स्टुडिओवाला न सांगता तो दोन-तीन छटांनी उजळतो, मागे धबधबा टाकतो आणि त्याला हार घातला जातो. हयातभर उसाच्या फडात उन्हाने रापलेली बाई मेल्यावर गोरी होते! हा उजळपणा कुणी मागितला होता?

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही शिकलो की पाहणारा कोण आणि पाहिला जाणारा कोण, यात सत्ता असते. कॅमेऱ्याइतके त्याचे स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. १८६८ ते १८७५ या काळात वॉटसन आणि के या संपादकांनी ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले. चारशेहून अधिक छायाचित्रे, पण बहुतेक ठिकाणी माणसाचे नाव नाही. त्याची जात-जमात आणि तिचा ठरवून दिलेला स्वभाव मात्र लिहिलेला. पुढे रंगीत फिल्म आली. कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी जे नमुना-कार्ड देत असे, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असायचा. ‘शर्ली कार्ड’ म्हणत त्याला. तिची कातडी बरोबर उमटली की मशीन बरोबर! तपकिरी छटा पुढे सुधारल्या, त्यामागे फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारींचा मोठा वाटा होता, असे कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी दाखवून दिले आहे. चेहऱ्यांच्या आधी टेबल-कपाटांची दाद लागली.

आता छत्रीकडे येऊ. सावळ्या माणसाचा फोटो काळपट येतो म्हणून फोटोग्राफर फ्लॅश वाढवतो. तो छोटासा फ्लॅश समोरून मारला की कपाळावर आणि गालाच्या हाडावर पांढरे डाग चमकतात, डोळ्यांखालचा भाग मात्र काळाच राहतो. मग "पावडर लावून या" असे सांगितले जाते. आमचे म्हणणे असे की सावळ्या चेहऱ्याला जास्त उजेड लागत नाही, मोठा उजेड लागतो. सावळ्या कातडीवर चेहऱ्याची ठेवण कळते ती तिच्यावरच्या चकाकीतून. उजेड लहान असेल तर ती चकाकी एका ठिपक्यात गोळा होते. उजेड मोठा असेल तर गालावर पसरते आणि गालफड, नाकाचा कणा, कपाळावरच्या रेषा सगळे दिसू लागते. फ्लॅश तोच, पण त्याच्यापुढे सहा फुटांचे पांढरे कापड उभे राहिले की त्याची खिडकी होते.

ती खिडकी जवळ हवी, हे पहिले. बारा फुटांवर नेलेली छत्री पुन्हा लहानच होते. आम्ही ती चेहऱ्यापासून तीन फुटांवर, थोडी बाजूला ठेवतो. मागची निळी भिंत छत्रीपासून नऊ फुटांवर. अंतर तिप्पट झाले की उजेड ढोबळमानाने नवव्या हिश्शावर येतो, त्यामुळे भिंत आपोआप गडद होते. वेगळा पडदा विकत घ्यावा लागत नाही. कॅमेरा आणि फ्लॅश दोन्ही मॅन्युअलवर, शटर १/१६०, म्हणजे ट्यूबलाइटचा हिरवट उजेड फोटोत जवळपास उतरत नाही. दुसऱ्या बाजूला गालाजवळ थर्माकोलचा एक तुकडा. वारा सुटला तर स्टँडवर वाळूची पिशवी. चष्मा असेल तर छत्री वर न्यायची आणि चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलायच्या, नाहीतर काचांत अख्खी छत्री दिसते.

खरी परीक्षा पांढऱ्या साडीची. वंदनेला येणारी उपासिका पांढरे नेसून येते. ऑटोवरचा कॅमेरा एवढे पांढरे पाहून सगळे चित्र अंधारतो, मग चेहरा आणखी काळा पडतो. चेहऱ्यासाठी उजेड वाढवला तर साडीचा काठ, चुण्या सगळे धुऊन निघते. आम्ही छत्री उंच करून तिची खालची कड हनुवटीच्या रेषेत आणतो. चेहरा उजेडाच्या जवळ, साडी दूर. दोन्ही आपापल्या रंगात येतात. (समाजमंदिराचे पत्रे उंच आहेत म्हणून हे जमते, घरात चार फुटी छत्री बरी.) साडीसाठी एवढी खटपट का? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना जातीची खूण ठरलेले लुगडे नेसण्याची तऱ्हा आणि दागिने सोडायला सांगितले, आणि बायांनी ते तिथेच बदलले. त्यांच्या नाती-पणतींनी स्वतः निवडलेला पेहराव फोटोत नुसता पांढरा ठिगळ दिसावा, हे आम्हाला मान्य नाही.

अडचण दुसरीकडून येते. एका उपासिकेने प्रिंट हातात घेऊन विचारले, "मी एवढी काळी हाय व्हय?" शेजारी तिची सून म्हणाली, "आत्या, अशाच तर दिसता." दोघी हसल्या, पण आत्याबाईंनी फोटो पदराखाली घातला. लग्नाच्या बायोडाटासाठी आलेली मुलगी तर सरळ सांगते, "दादा, थोडं उजळ करा." तिला भाषण देणे सोपे आहे. पण नकार ऐकावा लागतो तो तिला, आम्हाला नाही. रंगाचा बाजार मांडणाऱ्या व्यवस्थेचा हिशेब एकट्या मुलीकडून चुकता करून घेणे हा कसला आंबेडकरवाद? म्हणून आम्ही स्वतः रंग बदलत नाही, पण फाइल तिच्या हाती देतो. तिने पुढे काय करायचे ते तिचे तिने ठरवावे. यावर आमच्यातही एकमत नाही. काहींच्या मते फाइलही देऊ नये. ते आम्हाला पटत नाही. चेहरा तिचा आहे.

ज्या साथींना आपल्या गावात हे सुरू करायचे आहे त्यांनी महागड्या कॅमेऱ्याची वाट पाहू नये. जुना डीएसएलआर, पेन्सिल सेलवर चालणारा साधा मॅन्युअल फ्लॅश, ट्रिगर, स्टँड आणि छत्री, एवढे वर्गणीतून उभे राहते. फोटोच्या मागे पूर्ण नाव आणि गाव जरूर लिहा. आणि छपाईला देताना लॅबवाल्याला आधीच बजावा, कारण तिथली मशीन न विचारता चेहरे उजळते. आम्ही पाकिटावरच मोठ्या अक्षरांत लिहून देतो: रंगात काहीही बदल करू नये.